कागदावरचा धाकटा

माझा थोरला भाऊ कागदावर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. घरी त्याला मी दादा म्हणतो, त्याच्या ताटातलं उचलून खातो, तो रागावला तर या वयातही गप्प बसतो. आधार कार्डावर मात्र थोरला मी. आमच्याकडे हा वर्षानुवर्षं हसण्याचा विषय होता. मागच्या वर्षी त्यातलं हसू गेलं. दादाला विचारूनच हे लिहितोय. नावं बदलली आहेत, कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो म्हणाला, "लिही. पण माका फार म्हातारो दाखवू नको."

मी रक्त तपासणारा माणूस. बी.एस्सी., डीएमएलटी. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी ओळख करून देताना अजून सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. तिथली मुलं माझ्या पाठीमागे मला 'रिजेक्ट साहेब' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि आवडतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रक्त मशीनमध्ये घातलं की आकडा येतो. अर्धं काम त्याच्या आधीचं असतं. शीर शोधताना सुई आत फिरवली, ट्यूब जोरात हलवली, की तांबड्या पेशी फुटतात. फुटलेल्या रक्तात लिव्हरचे आकडे उगाच वर चढतात. अशी ट्यूब मी उजेडाकडे धरतो, रक्तावरचं पिवळं पाणी लालसर दिसलं की बाजूला काढतो. ट्यूबवरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव यात एका अक्षराचा फरक असला तरी परत पाठवतो. गिऱ्हाईक ओरडतं, परत सुई टोचणार का म्हणतं. मी म्हणतो, हो, टोचणार. चुकीच्या आकड्यावर माणसं औषधं खातात, त्यापेक्षा सुई बरी.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी झाली ती फॅटी लिव्हरवाल्यांची. लिव्हरमध्ये चरबी साठते. दारूने साठते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्याकडे येणाऱ्यांत दारूला कधी न शिवलेली माणसंच भरपूर: साखर वाढलेली, पोट सुटलेलं, दिवसभर गल्ल्यावर नाहीतर खुर्चीत बसलेली. दुखत काही नाही. सोनोग्राफीत सापडतं. आता चरबी असणं ही एक गोष्ट, आणि त्या चरबीपायी लिव्हर आतून निबर होत जाणं ही दुसरी. जखम भरली की वण राहतो, तसे आत वण पडत जातात. खरी भीती त्यांची. पूर्वी ते बघायला सुईने लिव्हरचा तुकडा काढत. अजूनही काढतात, पण हल्ली आधी रक्ताची चाळणी लावतात.

चाळणी साधी आहे. लिव्हरची दोन एन्झाइम्स, ज्यांना लोक अजून एसजीओटी, एसजीपीटी म्हणतात. तिसरी गोष्ट प्लेटलेट. चौथी, माणसाचं वय. या चौघांचा एक गुणाकार-भागाकार आहे. उत्तर एक पॉइंट तीनच्या खाली आलं तर वण असण्याची भीती कमी. वर गेलं तर पुढची तपासणी करायची. फारच वर गेलं तर थेट लिव्हरच्या डॉक्टरकडे. वय यासाठी, की वण पडायला वर्षं लागतात, आणि नुसत्या एन्झाइमला ती वर्षं दिसत नाहीत. पहिल्या तिन्ही गोष्टी आम्ही रक्तातून काढतो. चौथी माणूस सांगतो.

या रोगात लाज फार. एक दुकानदार शेठ दरवेळी तपासणीच्या आधी आठवडाभर मुगाच्या पाण्यावर राहायचे. "विजयभाई, परीक्षा छे ने," म्हणायचे. आकडा जरा उतरला की त्याच संध्याकाळी फरसाणाच्या दुकानात दिसायचे. भांडुप गावातली एक मासे विकणारी मावशी होती. तिला रिपोर्ट वाचून दाखवला, तर खाली बसून हळूच म्हणाली, "त्यो लिवरचा शबुद तेवरा खोर ना रं. पोरीचं लगीन ठरलंय. व्याही बगल त बोलल, ही पन घेते." मी म्हटलं, मावशी, रिपोर्टमधलं खोडता येत नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, की शिकून हा मुलगा वाया गेला. मी तो किस्सा घरी सांगून खूप हसवलं होतं. दादाही हसला होता.

आता दादाचं सांगतो.

तो गावी जन्मला, मालवणच्या बाजूला. तेव्हा तिकडे कोण जन्म नोंदवतंय. मी मुंबईत जन्मलो, महापालिकेच्या दवाखान्यात, त्यामुळे माझा दाखला पक्का. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि बाबा प्यायला लागले. मी विसाव्या वर्षी, बी.एस्सी.च्या मधल्या वर्षाला, कॉलेज सोडायच्या बेतात होतो. त्याच वेळी एका कारखान्यात हेल्परची भरती निघाली. वयाची अट वीसच्या आत. दादा चोवीसचा. बाबांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी गावच्या शाळेतून दाखला आणून दिला, त्यात दादा अठराचा झाला. सहा वर्षं एका सहीत गेली. जन्मतारीख एक जून. त्या काळी मास्तर सगळ्यांनाच एक जूनला जन्माला घालत.

दादा हेल्परचा बॉयलर अटेंडंट झाला. माझी फी, पुस्तकं, डीएमएलटीचा कोर्स, सगळं त्या नोकरीवर. बाबा पुढे पोटात पाणी होऊन गेले. शेवटी डोळे हळदीसारखे झाले होते. त्यांना उचलून संडासला नेणारा दादाच. त्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. कोणाच्या लग्नात बाटली निघाली तर हा मांडवाबाहेर जाऊन उभा राहायचा.

काही वर्षांपूर्वी त्याच्या कारखान्याच्या वार्षिक तपासणीचं काम आमच्या लॅबला मिळालं. सकाळी उपाशीपोटी कामगारांच्या तुकड्या यायच्या, रक्त द्यायचं, मग चहा-उपमा. नावं, वयं कारखान्याच्या यादीतून थेट कॉम्प्युटरमध्ये. पहिल्याच वर्षी काउंटरवर बसणाऱ्या प्रणाली नावाच्या मुलीने विचारलं, "सर, हे आडनाव तुमचंच. कोण तुमचे?"

मी म्हणालो, "भाऊ."

"मोठे की छोटे?"

यादी तिच्या समोर उघडी होती. कारखान्याचे एक साहेब बाजूला चहा घेत होते. मी म्हणालो, "धाकटा."

एकदा धाकटा म्हटल्यावर लॅबमध्ये त्याला दादा कसा म्हणणार. मी नावाने हाक मारायला लागलो. "सुरेश, इकडे बस. सुरेश, बाही वर कर." आमच्यात मोठ्या भावाला नावाने हाक मारत नाहीत. पहिल्यांदा मारली तेव्हा दादाने चमकून बघितलं, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मुकाट्याने बाही वर केली. त्यानंतर त्याला त्यात मजाच वाटायला लागली. प्रणाली एकदा म्हणाली, "काका, तुम्ही सरांपेक्षा थकलेले दिसता." तर हा म्हणतो, "बॉयलरजवळ उभा राहून बघ गं. माणूस लवकर शिजतो." सगळे हसले. मीही.

मागच्या वर्षी कारखान्याच्या पॅकेजमध्ये लिव्हरची चाळणी नव्याने आली. कॉम्प्युटर आपणच हिशोब करतो आणि आकडा रंगात छापतो: हिरवा, पिवळा, लाल. दादाच्या सोनोग्राफीत चरबी होतीच. आकडा आला एक पॉइंट दोन पाच. हिरवा.

रिपोर्टांचा गठ्ठा आमच्या डॉक्टर मॅडमकडे सहीला नेण्याआधी एकेक चाळायची माझी पद्धत आहे. दादाचा रिपोर्ट हातात आला आणि मी थांबलो. वय त्रेपन्न. मशीनला वाटतंय त्रेपन्न. कॅल्क्युलेटर काढला, एकोणसाठ टाकून बघितलं. एक पॉइंट तीन नऊ. पिवळा.

फार मोठा फरक नव्हता. हेच मी स्वतःला सांगितलं. हद्दीच्या जरासा वर, एवढंच, पिवळ्यातले बरेचजण पुढच्या तपासणीत ठीक निघतात. सगळं खरं. पण पिवळा आला असता तर पुढची तपासणी झाली असती, आणि हिरवा आला म्हणून ती होणार नव्हती, हेही तेवढंच खरं. एका अक्षराच्या फरकाने रक्त परत पाठवणारा मी, सहा वर्षांचा फरक हातात धरून मॅडमच्या टेबलापर्यंत गेलो आणि गठ्ठा ठेवून आलो. मॅडमनी सही केली. त्यांना काय माहीत.

पुढच्या रविवारी भांडुपला दादाकडे जेवायला गेलो. वहिनीने तो रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाने लावला होता. दादाला साखर, त्यात पोट सुटलेलं, म्हणून इतके दिवस ती त्याला मोजून वाढायची. आता घावण्यांचा ढीग समोर. "खावा, खावा. हिरवो इलो मा रिपोर्ट," म्हणत तिने त्याच्या ताटात दोन टाकले, वर नारळाचा गोड रस.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. मी म्हणालो, "वहिनी, त्याला नको वाढू एवढं. रिपोर्ट बरोबर नाहीये."

"म्हणजे? तुमच्याच लॅबचा ना?"

"वय चुकलंय त्यात."

मग मी सांगितलं. चाळणी, वय, हिरवा, पिवळा. सांगताना मला माझाच आवाज कॉलेजातल्या प्रोफेसरसारखा वाटत होता. दादाने हात धुतला, पुसला.

"लिव्हर म्हणतस?" तो म्हणाला. "माका?"

"दादा, हे दारूने होतं असं नाही."

"ता लोकांका सांग. बाबांचा तोंड मी धुतलंय, तू नाय. माका काय तो रोग बघूक मिळाला नाय? आता माका बाबांच्या रांगेत बसवतस?"

"तसं नाही रे."

"मगे कसा? आणि वय खरा लावलंस तर माझी नोकरी ऱ्हवात? अठ्ठावन्नाक घरी बसवतत थयसर. मी एकोणसाठाचो."

मी म्हणालो, "तू आधीच कळवायला..." आणि वाक्य तिथेच सोडलं, कारण काय कळवायला हवं होतं आणि कोणी, ते मलाच पुरं करता येईना.

वहिनी फ्रिजजवळ उभी होती. तिने चुंबक सरळ केला. "भावोजी," ती म्हणाली, "तुमची डिग्री ज्या वयावर झाली, ते वय आज तुम्हाला चुकीचं दिसायला लागलं होय."

मी माझं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि घरी आलो.

मग मी एक पळवाट काढली. आता एक दुसरी रक्ततपासणी आहे. लिव्हरमध्ये वण पडत असताना त्यातले काही पदार्थ रक्तात उतरतात, ते सरळ मोजतात. तिच्या हिशोबात वय लागत नाही. सॅम्पल बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये जातं, आठवड्याने उत्तर येतं. मी दादाला फोन केला, म्हटलं, "कंपनीचा काही संबंध नाही. वय विचारत नाहीत यात. फक्त येऊन जा." तो बरेच दिवस टाळत राहिला. एका गुरुवारी सेकंड शिफ्टच्या आधी आला.

मी ठरवलं होतं की नोंद आपण स्वतः करायची. पण तो आला तेव्हा मी आत एका म्हाताऱ्या बाईंची शीर शोधत होतो. पडद्याआडून काउंटरवरचं सगळं ऐकू येत होतं. हिशोबात वय लागत नसलं तरी आमचं कॉम्प्युटर वय टाकल्याशिवाय पुढे जात नाही, हे मी विसरलो होतो.

"काका, वय?" प्रणालीने विचारलं.

दादाने पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "एकोणसाठ."

प्रणाली हसली. "काय काका. तुम्ही सरांचे धाकटे ना? सर पंचावन्नचे आहेत."

"एकोणसाठच लिही," दादा म्हणाला. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. माणूस बऱ्याच विचाराने आलेला असतो तेव्हा बोलतो तसं.

मी बाईंच्या दंडाचा पट्टा सोडला, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि बाहेर आलो. काउंटरपाशी तीन-चार गिऱ्हाइकं. मॅडमच्या केबिनचं दार उघडं. प्रणाली माझ्याकडे बघायला लागली, "सर, काय टाकू?"

मी हसून म्हणालो, "मस्करी करतोय तो. त्रेपन्न टाक. चल सुरेश, आत ये."

तो आत आला. खुर्चीत बसला, बाही वर केली. मी पट्टा बांधला. त्याची शीर दोरीसारखी, डोळे मिटून सापडते, तरी मी ती दोनदा चाचपून बघितली. रक्त भरत असताना तो त्या ट्यूबकडे बघत राहिला. जाताना कापूस कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाला, "बरा. तू म्हणशीत तसा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने चारचौघांत खरं सांगितलं होतं, आणि ते मी पुसलं. त्याच्या नोकरीसाठी पुसलं असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. तिथे त्याच्या कारखान्याचं कोणीही नव्हतं. होती ती माझी माणसं. रिजेक्ट साहेबांनी इतकी वर्षं आपल्या थोरल्या भावाला धाकटा म्हणून खपवलं, हे त्यांना कळलं असतं, एवढंच.

आठवड्याने उत्तर आलं. आकडा वर होता, आणि जरासा नव्हता. मॅडमनी मला आत बोलावलं. समोर दादाचे दोन्ही कागद.

"विजय, हे जुळत नाही. आपला स्कोअर हिरवा, आणि यात चांगलेच वण दाखवतायत. सॅम्पल बदललं का?"

आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही.

"नाही मॅडम. मी स्वतः घेतलं."

"लेबल?"

"मीच लावलं."

"मग हा रिझल्ट धरू नको. हिरव्या माणसात हे असं येणं मला पटत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी परत घेऊ. तोवर त्यांना काही सांगू नकोस, उगाच घाबरतील."

त्यांनी दादाचा कागद बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला. रिजेक्टच्या. तो ट्रे मीच मागून घेतला होता, माझ्याच शिस्तीपायी. मी दारापर्यंत गेलो. दोन महिने, मग परत तोच घोळ, परत एखादा हिरवा. फिरून आलो.

"मॅडम, सॅम्पल बरोबर आहे. वय चूक आहे. तो एकोणसाठचा आहे. माझा मोठा भाऊ."

मी सगळं सांगितलं. मास्तर, दाखला, कॉलेजची फी. मध्येच प्रणाली एक ट्यूब घेऊन आली, तिने ऐकलं आणि तशीच परत गेली.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कारखान्याची यादी उघडली आणि जन्मतारखांच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेल्या. एक जून. एक जून. परत एक जून.

"ही सगळी वयं खरी असतील?" त्यांनी विचारलं.

"काहींची असतील."

"आणि यांचे हिरवे कागद मी सही करून दिलेत." त्या मला तुम्ही म्हणाल्या पुढच्या वाक्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुम्हाला हे माहीत होतं, विजय. मला नव्हतं."

त्यांनी दादासाठी एका लिव्हरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. वयाच्या जागी एकोणसाठ. मग यादीतल्या एक जूनवाल्या सगळ्यांना वेगवेगळा फोन करून खरं वय विचारायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी ते केलं. कोणी हसून सांगितलं, कोणी फोन ठेवला, एकाने विचारलं, कंपनीने करायला सांगितलंय का. तिघांच्या रिपोर्टचा रंग बदलला. प्रणाली त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलायची.

लिव्हरच्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं. वण होते, अर्ध्या वाटेच्या थोडे पुढे. अजून कडेलोट नव्हता. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, साखर ताब्यात ठेवा, वेळच्या वेळी जेवा-झोपा, तर हे इथे थांबू शकतं, थोडं मागेही येऊ शकतं. उशिरा आला असतात तर हे बोललो नसतो. दादाने त्यांना एकच विचारलं, "हा दारू नाय घेतली तरी होता, ता तुम्ही माझ्या बायकोक सांगशात?" डॉक्टरांनी वहिनीला आत बोलावून सांगितलं. तिने त्या दिवशी फ्रिजवरचा कागद काढला. माझ्याशी बोलायला तिला आणखी काही महिने लागले.

दादाने नोकरी सोडायचं ठरवलं, ते कोणाला न विचारता. कागदावर अजून पाच वर्षं होती. मी म्हटलं, "अरे, शिफ्ट बदलून माग. कशाला सोडतोस?" तो म्हणाला, "एका दवाखान्यात एकोणसाठ, दुसरीकडे त्रेपन्न. दोन वयां घेऊन माका आता फिराक जमणा नाय. थकलंय मी, विजू." तब्येतीचं कारण देऊन त्याने अर्ज टाकला. कारण खरंच होतं.

निरोप समारंभ कारखान्याच्या कँटीनमध्ये झाला. मी जाणार नव्हतो. दादाचाच फोन आला, "ये. नाय इलंस तर बरा दिसाचा नाय."

भाषणं झाली. एक साहेब म्हणाले, सुरेशराव उमेदीच्या वर्षांत आम्हाला सोडून चाललेत. त्याच्या बरोबरीचे दोन-तीन म्हातारे कामगार पहिल्या बाकावर होते, ते आपापल्या चपलांकडे बघायला लागले. त्यांना माहीत असणारच. दादा खुर्चीत ताठ बसला होता, इस्त्रीचा शर्ट आता सैल झालेला, कपाळाला टिळा. दुसरे साहेब, लॅबमध्ये चहा घेणारे तेच, माइकवर आले.

"आज आपल्यात सुरेशरावांचे थोरले बंधू हजर आहेत. शिकलेले, मोठ्या लॅबमध्ये आहेत. सुरेशरावांना वडील नाहीत. वडिलांच्या जागी थोरला भाऊच. तेव्हा शाल आणि श्रीफळ त्यांच्या हस्ते."

लोक माझ्याकडे वळून बघत टाळ्या वाजवायला लागले. मी उठलो. स्टेजवर कोणीतरी हातात शाल दिली. ती मी दादाच्या खांद्यांवर घातली, नारळ दिला. एवढ्यात संपेल असं वाटलं होतं.

दादाने नारळ टेबलावर ठेवला, शाल सावरली आणि खाली वाकला. गुडघा धरून, हळूहळू, माझ्या पायांकडे.

मी मागे सरकलो. खरंच सरकलो. दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले, उचलायला गेलो. तो उठला नाही. खालूनच, मला ऐकू येईल एवढंच बोलला.

"गप रव. सगळे बघतत. हात ठेव डोक्यार."

त्याची बोटं माझ्या बुटांना लागली. समोर पहिल्या बाकावर वहिनी बसली होती, आणि ती माझ्याकडेच बघत होती. टाळ्या चालू होत्या.

मी माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यावर हात ठेवला.